नासाडीचे तीन महिने

ऑस्ट्रेलियातल्या वूरिंगा गावात थेल्मा पोलनरचं नाव निघालं की लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे, आता काय केलं तिनं? हे हसू काही आजकालचं नव्हतं. ती शाळेत जात होती तेव्हापासून गावाने ते जपलं होतं. आमच्या वूरिंगात फारसं काही टिकत नाही. गहू टिकत नाही, तरुण पोरं टिकत नाहीत, बँकेची एक शाखा होती तीही गेली. थेल्माच्या चिकटपणाचे किस्से मात्र साठ-सत्तर वर्षं टिकले.

आता चिकटपणा म्हणजे काय, तर ऐका. पावाची पिशवी रिकामी झाली की कुठलाही शहाणा माणूस ती कचऱ्यात टाकतो. थेल्मा ती उलटी करायची, धुवायची आणि अंगणातल्या दोरीवर चिमटा लावून वाळत घालायची. साबणाच्या उरल्यासुरल्या चिपट्या जुन्या पायमोज्यात भरून तो मोजा नळाला टांगायची. अंडी उकडलेलं पाणी चहाला वापरायची. नाताळात भेटवस्तूचा कागद कुणाला फाडू द्यायची नाही. चिकटपट्टी नखाने हळूच सोडवायला लावायची आणि मग कागदावरून इस्त्री फिरवायची. एक लाल कागद तर तिच्या आणि तिच्या नणंदेच्या घरात अकरा वर्षं ये-जा करत होता. शेवटी शेवटी आत काय आलंय यापेक्षा कागद धडधाकट आला का, हेच दोघी बघायच्या.

हॉलमध्ये काही कार्यक्रम असला की रिवाजाप्रमाणे प्रत्येक बाईने घरून एक ताट भरून आणायचं. बाकीच्यांची ताटं चकचकीत प्लास्टिकच्या पापुद्र्याखाली यायची. थेल्माचं ताट अंघोळीच्या वेळी केसांवर घालतात त्या टोपीखाली यायचं. टोपी कोरी आहे, भाचीने हॉटेलातून आणून दिलीय, हे ती दर वेळी सगळ्यांना सांगायची. तरी तिच्या ताटाला शेवटपर्यंत कुणी हात लावायचं नाही.

नवरा लेस रेल्वेच्या रुळांवर कामाला होता. स्वभावाने गरीब. "मी मेलो की ही मला धुऊन दोरीवर वाळत घालणार बघा," असं पबमध्ये सगळ्यांना सांगायचा आणि हसत हसत घरी यायचा. तो गेला तेव्हा थेल्माने त्याला कोऱ्या करकरीत सुटात पुरलं. गावाला त्याचंही नवल वाटलं. समोरच्या डॅरल फिंचने तर विचारलंसुद्धा, "एवढा चांगला सूट मातीत घातलास?" थेल्मा तीन महिने त्याच्याशी बोलली नाही.

हा डॅरल ट्रॅक्टर विकून गब्बर झालेला माणूस. घरासमोर हिरवळ, घरामागे पोहण्याचा तलाव. मनाने वाईट नव्हता, फक्त तोंडाला कुलूप नव्हतं. रोज सकाळी फाटकाशी उभा राहून हाक मारायचा, "काय गं थेल, आज कुणाला उन्हात टांगलंयस?"

"तुझी अक्कल धुतलीय. वाळायला वेळ लागतोय," थेल्मा चिमटे लावता लावता सांगायची.

तिला हे सगळं कुणी शिकवलं म्हणाल, तर मुद्दाम कुणीच नाही. गावापासून वीस मैलांवर बापाची गव्हाची जमीन होती. पाणी म्हणजे छपरावर पडेल ते आणि पन्हळीतून पत्र्याच्या टाकीत उतरेल ते. थोरला भाऊ क्लेम टाकीचा कारभारी. रोज सकाळी तो टाकीवर बोटांच्या पेरांनी खालून वर टकटक करत जायचा. आवाज जिथे पोकळ होईल तिथवर पाणी. शनिवारी अंघोळ. पत्र्याचा एक टब, एकदाच तापवलेलं पाणी आणि सहा पोरं वयाच्या क्रमाने. क्लेम पहिला, थेल्मा शेवटची. तिच्या वाट्याला जे यायचं त्याला पाणी म्हणायची आपली एक पद्धत. आणि टाकीचा नळ कुणी ठिबकता ठेवला की क्लेम अंगावर धावून यायचा. "नळ!" एवढंच ओरडायचा. पुढचं त्याचा हात बोलायचा.

पाऊस रुसला त्याला सात वर्षं झाली, तेव्हा गावाचं धरण सोळा टक्क्यांवर आलं आणि पाणी मंडळाला जाग आली. मंडळाने मेलबर्नहून टेगन नावाची एक अधिकारी आणली. पंचविशीची पोरगी, चांगली शिकलेली, बोलायला गोड. तिने हॉलमध्ये सभा बोलावली. प्रत्येक खुर्चीवर एक पिशवी. पिशवीत एक गुळगुळीत रंगीत पत्रक, एक पेन, फ्रिजला चिकटवायचं एक चुंबक आणि वाळूचं एक घड्याळ. प्रत्येक वस्तू वेगवेगळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. सभेचा विषय होता, छोट्या सवयी बदला आणि धरती वाचवा.

"पहिली सवय," टेगन म्हणाली, "दात घासताना नळ बंद ठेवा."

थेल्माने शेजारच्या बाईला कोपराने ढोसलं. "म्हणजे एवढी वर्षं तुम्ही लोक उघडा ठेवत होता?"

शेजारीण पत्रक वाचण्यात गढून गेली.

"आणि हे घड्याळ शॉवरजवळ लावायचं. वाळू संपली की अंघोळ संपली. फक्त चार मिनिटं!"

थेल्माने हात वर केला. "पोरी, माझी अंघोळ दोन मिनिटांत होते. उरलेल्या दोन मिनिटांत मी काय करू?"

"गाणं म्हण!" मागून डॅरल ओरडला आणि सगळा हॉल हसला. थेल्माने ते घड्याळ घरी नेऊन अंडी उकडायला वापरलं. मऊ अंड्याला चार मिनिटं बरोब्बर लागतात.

पुढच्या सवयी आल्या. पिशव्या धुऊन पुन्हा वापरा. भाज्यांचं पाणी झाडांना घाला. भेटवस्तूचे कागद जपा. गावाला त्या दिवशी साक्षात्कार झाला. याला म्हणे चिकटपणा म्हणत नाहीत. पत्रकात छापलं की याला पर्यावरणपूरक जीवनशैली म्हणतात. लोकांनी माना डोलावल्या, टाळ्या वाजवल्या. डॅरलची बायको "किती नवीन कल्पना आहेत नाही!" असं थेल्मालाच म्हणाली. थेल्माने आपल्या ताटावरची टोपी झटकून पर्समध्ये ठेवली आणि घरी गेली.

मग जुलैत नियम आला. नियम साधा होता. प्रत्येक घराने गेल्या वर्षीपेक्षा पंचवीस टक्के पाणी कमी वापरायचं. ज्याला जमणार नाही त्याचं नाव पोस्टाबाहेरच्या फळ्यावर. तरीही सुधारला नाही तर त्याच्या मीटरमध्ये एक चकती बसवायची. चकतीला सुईएवढं भोक. मग नळाला येते ती धार नव्हे, नुसती लाळ. एक बादली भरायची तर सकाळी लावून दुपारी बघायचं.

डॅरल गेल्या वर्षी रोज दोन हजार लिटर वापरत होता. त्याने हिरवळीवरचे फवारे बंद केले आणि काम झालं. हिरवळ वाळली तेव्हा त्याने तिला हिरवा रंग मारून घेतला. थेल्मा गेल्या वर्षी रोज सत्तर लिटर वापरत होती. आता सत्तरमधून पंचवीस टक्के काढायचे म्हणजे काय करायचं? चहा सोडायचा की संडासला जाणं? पण ती जिद्दीची. भांडी विसळलेलं पाणी फ्लशला, तोंड धुतलेलं पाणी फरशीला, असं करत करत ती साठावर आली. अजून सात-आठ लिटर कुठून कापावेत या विचारात होती, तेवढ्यात क्लेम आला.

क्लेमने लग्न केलं नव्हतं. त्र्याऐंशीव्या वर्षीही जुन्या जमिनीवर एकटाच राहत होता. ऑगस्टमध्ये त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. चार शब्द तेवढे उरले: "चहा", "नाही", "नळ" आणि एक शिवी. शिवी इथे सांगण्यासारखी नाही, पण चारांत तीच सगळ्यात स्पष्ट यायची. इस्पितळातले म्हणाले, वृद्धाश्रमात पाठवू, तीनशे किलोमीटरवर शहरात जागा आहे. थेल्मा म्हणाली, "माझ्या भावाने आयुष्यात एक रात्र शहरात काढली, तीही मेंढ्या विकायला गेला होता म्हणून. मी नेते त्याला घरी."

"जमेल तुम्हाला, आजी?" नर्सने विचारलं. "रोज अंग पुसायचं, रोज चादरी बदलायच्या. आमची माणसं दर आठवड्याला येऊन बघतील. पाठीला जखम झालेली दिसली, अंथरूण ओलं राहिलेलं दिसलं, तर मात्र आम्हाला त्यांना हलवावंच लागेल."

"सहा भावंडांत आम्ही दोघंच उरलोय. न जमून कसं चालेल?"

आणि तिने जमवलं. रोज दोन चादरी, कधी तीन. चादरी पिळलेलं पहिलं पाणी संडासात, दुसरं अंगणातल्या लिंबाला. अंगणातली टाकी कोरडी ठणठणीत, त्यामुळे सगळी भिस्त नळावर. इतकं करूनही मीटर एकशे तीस लिटरवर गेलं. दोन म्हाताऱ्या माणसांना, त्यात एक अंथरुणाला खिळलेलं, एकशे तीस लिटर. डॅरलच्या तलावातून दिवसभरात वाफ होऊन त्याहून जास्त पाणी आभाळात जायचं.

जानेवारीत पोस्टाबाहेर फळा लागला. बचतीत पहिला नंबर डॅरल फिंच, साठ टक्के! त्याला मंडळाकडून प्रशस्तिपत्र मिळालं आणि बक्षीस म्हणून बागेला पाणी घालायची तीस मीटरची कोरी नळी. दुसऱ्या बाजूला उधळ्यांची यादी. तिच्यात सगळ्यात वर थेल्मा पोलनर. वापर शहाऐंशी टक्क्यांनी वाढला.

ती पोस्टात तिकिटं घ्यायला गेली तर रांगेतली माणसं आधीच तिच्याकडे बघत होती. "काय गं थेल, म्हातारपणी शौक सुचला वाटतं?" एक जण म्हणाला. दुसरी म्हणाली, "दाखवायला पिशव्या धुते आणि घरात तळं बांधते." थेल्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर चिकट म्हणून हसले, ते तिने झटकून टाकलं होतं. पण उधळी? हे तिला लागलं. घरी येऊन तिने क्लेमच्या खोलीचं दार लोटलं आणि स्वयंपाकघरात बसून रडली. मग उठून चादरी पिळायला गेली.

दोन दिवसांनी टेगन फॉर्म घेऊन आली. सवलत मागायची सोय होती, त्यासाठी फॉर्म होता.

"पाणी वाचवायला तुम्ही काय काय उपाय केलेत, मिसेस पोलनर?"

"पंचाहत्तर वर्षांचे सांगू की कालचे?"

"पावत्या असतील तर बरं पडेल. नवा शॉवर बसवला, कमी पाण्याचं वॉशिंग मशीन घेतलं, असं काही."

"मी काहीच विकत घेतलं नाही."

"अरेरे," टेगन म्हणाली आणि रकान्यात लिहिलं: उपाय, काही नाही. मग तिने मागच्या वर्षांचे आकडे बघितले आणि पेन खाली ठेवलं. "तुमचा आधीचा वापर फारच कमी होता. खरी अडचण तीच आहे."

"म्हणजे मी आधीपासून वाचवलं, ही माझी चूक?"

"चूक नाही हो. फॉर्ममध्ये तसा रकाना नाही."

थेल्माने तिला क्लेमची खोली दाखवली. चादरी दाखवल्या, ताणून वाळत घातलेल्या, पांढऱ्याशुभ्र. टेगनच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगी दुष्ट नव्हतीच. "मला खरंच खूप वाईट वाटतंय, मिसेस पोलनर."

"त्याला रकाना आहे का?"

टेगनने नाक पुसलं. म्हणाली, चकती लगेच बसणार नाही. मंडळ हिशेब नव्याने मांडणार आहे. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत जो वापर होईल तो नवा पाया धरायचा, आणि जुलैपासून त्याच्या पंचवीस टक्के खाली यायचं. न आलेल्याला मात्र चकती नक्की.

थेल्माने मनात गणित केलं. एप्रिलमध्येही एकशे तीसच लागणार. जुलैत त्याचे सत्त्याण्णव करायचे. म्हणजे रोजची एक चादर धुवायची नाही. म्हणजे क्लेमची पाठ. म्हणजे तीनशे किलोमीटर. तिला पुढचं गणित करवेना.

डॅरलला गणित चांगलं यायचं, ट्रॅक्टर उगाच नव्हते विकले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो कुंपणाशी आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "थेल, नळ सोड."

"काय?"

"सोड म्हणजे सोड. रोज तासभर. जूनअखेरपर्यंत. जुलैत बंद कर, की तू एकदम संत. कागदावर तुझ्याइतकी बचत कुणाचीच नसेल."

"वाया घालवू? पाणी?"

"मग काय! मीटरला पाणी कुठं गेलं ते थोडंच कळतं? मी परवाच तलाव रिकामा करून पुन्हा भरला. त्या तिकडच्यांकडे चोवीस तास संडास वाहतोय. अख्खं गाव हेच करतंय, म्हातारे. तू एकटीच राहिलीस."

"जीभ झडेल तुझी," थेल्मा म्हणाली आणि आत गेली. पण रात्रभर तळमळली. सकाळी क्लेमची पाठ पुसताना तिने बघितली, कुठे लाल झालेली नव्हती. तिने ठरवलं.

पण वाया घालवायचं ठरवलं तरी हात ऐकेना. पहिल्या दिवशी तिने बादल्या भरल्या आणि रस्त्याकडेच्या झाडाला घालायला निघाली. मीटरही फिरेल आणि झाडही जगेल, असा तिचा हुशार बेत. तिसऱ्या बादलीला मंडळाची पांढरी गाडी शेजारी येऊन थांबली. आतला माणूस उतरला, टोपी काढून अदबीने म्हणाला, "मॅडम, नळाचं पाणी बाहेरच्या झाडाला घालायला बंदी आहे. ताकीद लिहून द्यावी लागेल."

"आणि घरातल्या घरात मोरीत सोडलं तर?"

"घरगुती वापरावर आमची बंदी नाही, मॅडम." त्याने चिठ्ठी फाडून दिली. "तुमचा दिवस चांगला जावो."

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर नऊ वाजता थेल्माने न्हाणीघरातल्या टबाचं बूच काढलं आणि नळ पुरा फिरवला. असला आवाज त्या घराने कधी ऐकला नव्हता. तिने सवयीने खाली बादली धरली. बादली मिनिटभरात भरली. मग दुसरी, मग पातेली, मग किटली, मग फुलदाणी. घरातली भांडी संपली तेव्हा घड्याळात नऊ वाजून सात मिनिटं झाली होती. ती टबाच्या काठावर बसली आणि पाणी भोकातून गोल गोल जाताना बघत राहिली.

तेवढ्यात आतून आवाज आला. "नळ!"

तिने झटकन नळ बंद केला. थोड्या वेळाने हळूच पुन्हा सोडला, बारीक.

"नळ! नळ!"

तिने त्याच्या खोलीचं दार लावून घेतलं. रेडिओ मोठा केला. कुठल्यातरी घोड्यांच्या शर्यती चालू होत्या. तरीही त्याला ऐकू जायचंच. ज्या माणसाला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, त्याला दोन दारांपलीकडचं पाणी कळायचं. "नळ!" मग शिवी. मग पुन्हा "नळ!" आणि शेवटी नुसतं रडणं. थेल्मा पाऊण तासाने आत गेली तेव्हा त्याने डाव्या हाताने तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठला.

"अरे दादा, तुझ्यासाठीच करतेय रे," ती म्हणाली. "नाही केलं तर तुला घेऊन जातील. कळतंय का? घेऊन जातील तुला."

"नाही," क्लेम म्हणाला. तो न्यायला नाही म्हणत होता की नळाला, हे तिला कधीच कळलं नाही.

एप्रिल असा गेला. रोज नऊ ते दहा. थेल्माने चर्चला न चुकता जाणाऱ्या माणसालाही लाजवेल अशा नेमाने पाणी फुकट घालवलं. कधी कानांत बोटं घालून बसायची, कधी तोंडाने मोठ्याने गाणी म्हणायची. बिल आलं ते लेसच्या माघारी राखून ठेवलेल्या पैशांतून भरलं. गावात कुणी तिला काही बोललं नाही. उलट लोक पहिल्यांदाच तिच्याशी आपल्यातल्यासारखं वागायला लागले. डॅरलची बायको तर डोळा मारून म्हणाली, "किती सोडतेस गं? आमचे हे दोन तास सोडतात."

मेच्या मध्यावर एक दिवस थेल्माने नळ सोडला आणि कानांत बोटं घातली. थोड्या वेळाने तिला वाटलं, काहीतरी चुकतंय. बोटं काढली. पाण्याचा आवाज होता, घोड्यांचा होता, क्लेमचा नव्हता. ती धावत गेली. तो जागाच होता, भिंतीकडे तोंड करून पडलेला. "क्लेम? अरे, ओरड की! शिवी दे मला!" त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून जून संपेपर्यंत तो नऊच्या सुमाराला भिंतीकडे तोंड करायचा आणि दहाला चहा मागायचा. तिला मनगटावरचे वळ परवडले असते.

एक जुलैला तिने नळ बंद केला तो केला. पुन्हा सगळं पहिल्यासारखं: पिळलेलं पाणी संडासात, दुसरं लिंबाला, रोज एकशे तीस लिटर. नर्स दर आठवड्याला यायची आणि पाठ बघून म्हणायची, "वा! इतकी छान त्वचा तर तरुणांचीही नसते." क्लेम घरातच राहिला. थेल्माला जे हवं होतं ते मिळालं, हे मान्य केलंच पाहिजे.

ऑक्टोबरात फळा लागला. बचतीत पहिला नंबर थेल्मा पोलनर, सत्त्याऐंशी टक्के. दुसरा डॅरल. उधळ्यांच्या यादीत एकही नाव नव्हतं. सगळं गाव सुधारलं होतं. साऱ्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त बचत करणारं गाव म्हणून वूरिंगाचा सत्कार ठरला. धरण तेवढं सोळावरून सातवर आलं होतं, पण धरणाचा फळ्याशी संबंध नव्हता.

सत्काराला थेल्मा गेली नाही. मग टेगनच प्रशस्तिपत्र घेऊन घरी आली. उत्तरेकडच्या वाळवंटातून गरम वारा सुटला होता, पोरीच्या केसांत लाल धूळ होती. प्रशस्तिपत्र चकचकीत फ्रेममध्ये होतं, फ्रेमला बुडबुड्यांचं प्लास्टिक गुंडाळलेलं.

"आमच्या पत्रकासाठी दोन ओळी हव्यात, मिसेस पोलनर. एवढी बचत कशी केलीत?"

"तीन महिने रोज तासभर पाणी मोरीत सोडलं," थेल्मा म्हणाली. "मग सोडायचं थांबवलं."

टेगनने पेनाला टोपण लावलं. मग हळू आवाजात म्हणाली, "माहितीय मला. आकडे मीच बघते ना. अख्ख्या गावाचे तसेच आहेत."

"मग बोलली का नाहीस?"

"मलाही वर आकडे पाठवायचे असतात." तिने वही मिटली. "तुमच्या भावाला इथून हलवलं नाही, त्याचा मला खरंच आनंद झाला. हे मी मनापासून बोलतेय. मी लिहिते, 'छोट्या सवयींनी मोठा फरक पडतो.' चालेल?"

"लिही. तुझ्या फॉर्मात बसत असेल तर लिही."

पोरीचा चेहरा उतरला होता, घसा सुकला होता. तिने पाणी मागितलं. थेल्माने पेला भरून दिला. टेगन सिंकला टेकून उभी राहिली, दोन घोट प्यायली आणि फोटो अंगणात काढायचा की दारात, हे बोलता बोलता उरलेलं पाणी तिने सिंकमध्ये ओतलं. मग नळ सोडून पेला विसळला, बोटं विसळली, नळ तसाच ठेवून टॉवेल शोधायला लागली. चांगल्या घरची पोर होती. पाहुणीने उष्टा पेला तसाच ठेवू नये, एवढं वळण तिला होतं.

थेल्मा दोन पावलं पुढे झाली. पंचाहत्तर वर्षांत असलं काही तिच्यासमोर कुणी केलं असतं तर त्या माणसाची तिने धडगत ठेवली नसती, मग तो लेस असो की पाद्री. तिने तोंड उघडलं. पण आता कोणत्या तोंडाने बोलणार?

"काही म्हणालात?" टेगनने हात पुसत विचारलं.

"काही नाही गं," थेल्मा म्हणाली. "टॉवेल तुझ्या मागेच आहे."